दुसऱ्या गिअरमधलं सूक्त

काल पहाटे कोहरा उतरला. धुकं हा शब्द मला माहीत आहे, पुण्याच्या मावशीच्या पत्रांत तो असायचा. पण काशीत, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात, धुकं कधी पडलं नाही. आमच्याकडे कोहराच पडतो. खिडकी उघडली तर समोर गंगा नव्हती. घाटाच्या सात-आठ पायऱ्या दिसत होत्या, पुढे सगळं पांढरं. त्या पांढऱ्यातून कुणा नावाड्याचा खोकला आला, मंगला गौरीच्या बाजूने घंटा वाजली, आणि माझा डावा हात आपोआप पुढे जाऊन हवेत गिअर शोधू लागला. बायकोने ते पाहिलं. गाडी सोडून इतकी वर्षं झाली तरी हे काही सुटत नाही, असं म्हणत तिने माझ्या डोक्यावर कानटोपी चढवली आणि ती चहा ठेवायला गेली.

तिचं खरं आहे. मी टिपर चालवायचो. ब्रह्मा घाटावरच्या वैदिकाचा मुलगा आणि टिपरचा ड्रायव्हर, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग माझी कीव करायला लागतात. कीव नको. मी जन्मभर गिट्टी, वाळू, माती वाहिली आणि मजेत वाहिली. सत्तरी ओलांडल्यावर खोटं बोलण्यात काय मिळवायचंय?

लहानपणी कोहरा म्हणजे सुट्टी. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, पुढच्या खोलीत आठ-दहा विद्यार्थ्यांना वेद शिकवायचे. दाट कोहऱ्याच्या दिवशी शिकायचं-शिकवायचं नाही, त्या दिवशी अनध्याय, असा जुना नियम आहे, आणि आप्पा नियमाबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. ते पहाटे दार उघडून पायऱ्या मोजायचे. दहावी पायरी दिसली नाही तर अनध्याय. दिसली की बसा संथेला. आम्ही मागे उभे राहून देवाला विनवायचो की बाबा रे, तेवढी दहावी झाक. एकदा मी आपणहून सांगितलं की नववीसुद्धा दिसत नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट करून मला अकरावी दाखवली.

संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचं आणि शिष्याने दोनदा. स्वर खाली गेला की मान खाली, वर गेला की मान वर. आप्पांचा त्यात एक हट्ट होता. सूक्त म्हणताना कुठेही चुकलं, अगदी शेवटच्या ओळीत का होईना, तर तिथल्या तिथे सुधारून पुढे जायचं नाही. परत मुळापासून. एखादा विद्यार्थी एकाच सूक्तात दुपारपर्यंत फिरत राहायचा आणि आत आई वरण दुसऱ्यांदा गरम करायची. आप्पा ओरडत नसत. नुसती तर्जनी वर करत. ते माझ्या अंगात इतकं मुरलं आहे की आजही वाण्याची यादी वाचताना अडखळलो तर मी पुन्हा साखरेपासून सुरू करतो.

अठराव्या वर्षी मी संथा सोडली. कुणी सोडायला लावली नाही, घरात काही अडलं होतं असंही नाही. राजघाटच्या पुलाजवळ रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे मी पहिल्यांदा टिपर नीट पाहिला. ड्रायव्हरने सीटजवळचा दांडा ओढला, आणि मागचा भरलेला डाला, म्हणजे माल भरतात ती लोखंडी पेटी, सावकाश आभाळाकडे उचलला गेला. फळी उघडली आणि एवढा थोरला भार एका दमात खाली. मग रिकामा डाला तितक्याच सावकाश परत जागेवर येऊन बसला. मी तिथे तीन तास उभा होतो. मला ते करायचं होतं, बस्स.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते सोवळं वाळत घालत होते. त्यांनी ते नीट पसरलं, टोकं ओढली, आणि म्हणाले की ठीक आहे, उद्यापासून संथेला बसू नकोस. रागावले नाहीत, अबोला धरला नाही. भाजी काय आणायची, नळ गळतोय, पुण्याचं पत्र आलं, सगळं बोलायचे. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या तोंडून वेदाचं एक अक्षर ऐकलं नाही. मी न्हाणीघरात म्हणू लागलो की ते उठून घाटावर जायचे. वसंतपूजेला सगळे वैदिक समोरासमोर दोन ओळींत बसत, एका ओळीने म्हणावं आणि दुसरीने उचलावं, आणि मी बायकांबरोबर दुधाचे गिलास भरत असे. अशी चार वर्षं गेली. टिपर मला सोडायचा नव्हता. पण आप्पांनी एकदा, एकदाच, जवळ बसून माझं ऐकावं यासाठी माझा जीव तुटायचा. मला दोन्ही हवं होतं. हावरट म्हणा हवं तर.

चौथा हिवाळा कोहऱ्याचा आला. आमच्या ठेकेदाराचं गॅरेज गंगेपलीकडे पडावला होतं. सकाळी सायकलने राजघाटचा पूल ओलांडून तिथे जायचं, अहरौराच्या खाणीवर दगड भरायचे, नारायणपूरवरून रामनगरच्या रस्त्याला लागायचं आणि मध्येच डावीकडे वळून नदीकाठच्या बंधाऱ्यावर ते ओतायचे. एरवी दोन खेपा होत, कोहऱ्यात एक झाली तरी पुष्कळ. हेडलाइटवर पिवळा कागद चिकटवलेला, काचेला आतून तंबाखू चोळलेली, म्हणजे वाफ धरत नाही. माझ्या गाडीवरचा खलासी, म्हणजे क्लीनर, रामजतन वयाने माझ्या वडिलांएवढा होता. तो लाल गमछा गुंडाळलेलं डोकं डाव्या खिडकीतून बाहेर काढून रस्त्याची कड बघायचा आणि थोड्या थोड्या वेळाने सांगायचा, “किनारा ठीक हौ.” त्या तीन शब्दांवर मी दहा टनांची गाडी हाकत होतो.

कोहऱ्यात डोळ्यांचं काम नाक करतं. मोहरीच्या फुलांचा उग्र वास आला की नारायणपूर मागे पडलं. मग गुऱ्हाळाचा गोड, जरा करपट वास. मग वीटभट्टी, तिचा कोळशाचा धूर आणि उजव्या गालाला लागणारी ऊब. भट्टीनंतर मात्र काहीच नाही, ना वास ना ऊब, आणि आमचं वळण नेमकं त्या काहीच नसलेल्या पट्ट्यात. डावीकडे शेतांत उतरणाऱ्या कच्च्या वाटा कितीतरी, प्रत्येकीच्या तोंडाशी विटांची तशीच एक पुलिया, म्हणजे छोटा पूल. गाडीचा किलोमीटरचा काटा माझ्या आधीच मेलेला होता.

एके दिवशी भट्टीपाशी मी सहज एक सूक्त म्हणू लागलो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. शेवटच्या ओळीला आलो आणि डावीकडे आमची पुलिया. मी आठवडाभर ताडून पाहिलं. दोन-चार हात इकडे-तिकडे, बाकी बरोबर. मग तेच आमचं माप झालं. स्वच्छ दिवशी डोळ्यांना दिसायचं, तेव्हा सूक्ताची गरज नव्हती. म्हणजे बघा, ज्या कोहऱ्यात म्हणू नये असा नियम, त्याच कोहऱ्यात मी म्हणत होतो, आणि तेही पायात बूट घालून. पहिल्या दिवशी माझी मान खाली-वर होताना पाहून रामजतनला वाटलं मला डुलकी लागली, त्याने पाठीत धपाटा घातला. पुढे पुढे भट्टीचा वास आला की तोच आठवण करायचा, “पंडीजी, सुरू करा.”

पौषातली ती सकाळ अशी होती की बॉनेटसुद्धा अर्धंच दिसत होतं. त्या सूक्तात दोन ओळींची सुरुवात सारखी आहे. जीभ पहिलीवरून दुसरीवर घसरते आणि मधली ओळ गळून जाते. मी तिथे घसरलो. आणि क्षणाचाही विचार न करता मुळापासून सुरू केलं. मुंज झाल्यापासूनची सवय, समोर आप्पांची तर्जनी असो वा नसो. गाडी मात्र मुळापासून सुरू झाली नाही, ती आपली पुढेच चालली होती. सूक्त संपलं, मी डावीकडे वळवली. पुलिया होती. किनारा ठीक होता. उतारही तसाच. बंधाऱ्यावर ठेकेदाराचा मुंशी लाल झेंडा घेऊन उभा असायचा, तो नव्हता. शेकोटीला बसला असेल, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. रामजतनने उतरून फळीची खीळ काढली, हाक दिली, मी दांडा ओढला. दगडावर दगड आपटल्याचा आवाज माझ्या कानात बसलेला होता. त्या दिवशी आवाज मऊ आला.

मटाराचं शेत होतं ते. शेंगांनी भरलेलं.

कोहऱ्यातून एक म्हातारी आली, हातात टोपली. तिने दगडांकडे पाहिलं, मग हात जोडून उभ्या असलेल्या माझ्याकडे. आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घातली. तिने रामजतनला विचारलं हा कोण, आणि त्या भल्या माणसाने सांगून टाकलं की काशीचे पंडित आहेत, पाठ म्हणताना वाट चुकले. “कोहरा में त भगवानो भुला जालन, बाबू,” ती म्हणाली, म्हणजे कोहऱ्यात देवसुद्धा वाट चुकतो. आणि मग शांतपणे म्हणाली की दगड मात्र उचलावे लागतील. तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही घमेल्याने दगड परत गाडीत भरले, गावातले चार जण मदतीला आले. चेपलेल्या शेंगा सोलून तिने मोहरीच्या तेलात हिरवी मिरची घालून मटाराची घुगरी केली आणि पानावर वाढली. इतकी चांगली घुगरी मी नंतर कधी खाल्ली नाही, आणि इतक्या शरमेनेही नाही. तिचे मोडलेले वाफे काही परत आले नाहीत. उन्हाळ्यात ठेकेदाराला विचारून नदीच्या गाळाची एक खेप मी तिच्या शेतात टाकली, तेवढंच.

ठेकेदाराने विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, दुसरं काही सुचलंच नाही. ते खाट करकरेपर्यंत हसले. गोष्ट तिसऱ्या दिवशी दूधवाल्याबरोबर पूल ओलांडून ब्रह्मा घाटावर आली. गल्लीतला पानवाला मला आज कुठल्या शेतात पाठ आहे म्हणून विचारू लागला. चेष्टेचं मला काही वाटत नव्हतं. मला भीती आप्पांची होती. अनध्यायाच्या दिवशी म्हटलं, डिझेलच्या वासात म्हटलं, बूट घालून म्हटलं, आणि वर चुकीचं म्हटलं. आता तर त्यांनी माझं ऐकण्याची आशाच संपली, असं मी धरून चाललो होतो. तीन दिवस मी आप्पा जेवून उठले की मगच पाटावर बसायचो.

चौथ्या दिवशी ते माझ्यासाठी थांबले होते. दोन पाट शेजारी मांडलेले. निम्मं जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, “कुठे चुकलास?”

मी जागा सांगितली.

“तिथे तू नऊ वर्षांचा असल्यापासून चुकतोस,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

आईचा वाढता हात थांबला. चार वर्षं ज्या माणसाने माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं, त्याला माझी जीभ कुठे घसरते ते आठवत होतं. आप्पा हात धुवायला उठले आणि पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं की उद्या किती वाजता निघायचंय.

साठी ओलांडलेले आप्पा माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून राजघाटचा पूल ओलांडून आले. एका हातात गंगाजलाचा तांब्या, दुसऱ्या हाताने माझा स्वेटर धरलेला. पुलाच्या मध्यावर मालगाडी खालून गेली तेव्हा त्यांनी तो जरा घट्ट धरला. पडावला रामजतन सीट पुसायला धावला. आप्पांनी त्यावर आपली धाबळी अंथरली, चपला खाली काढून ठेवल्या आणि अनवाणी वर चढले. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. तेही उतरवले. कुणी काही न बोलता रामजतननेही आपले जोडे काढून सीटखाली सरकवले. त्या थंडीत क्लचचं लोखंड तळव्याला चावत होतं.

जाताना आप्पांनी कुठला दांडा कशाचा ते विचारून घेतलं आणि धोतराचा सोगा गिअरपासून आवरून धरला. खाणीवर गाडी भरेपर्यंत उभे राहून बघत होते. बाहेरचं काही खाल्लं नाही, तांब्यातलं पाणी तेवढं प्यायले. परतताना मोहरी गेली, गुऱ्हाळ गेलं, आणि भट्टीची ऊब माझ्या गालाला लागली. रामजतन त्या दिवशी सुरू करा म्हणाला नाही, बिचारा संकोचला होता. मीच म्हणालो की आप्पा, आज अनध्याय आहे, दहावी पायरी सोडाच, इथे पहिलीही दिसत नाही.

“अनध्याय शिकण्याला असतो,” आप्पा म्हणाले. “मी शिकवत नाही, दिनू. ऐकतोय.”

हा एक शब्द ऐकायला मी चार वर्षं थांबलो होतो आणि तो मला रामनगरच्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये मिळाला. मी सुरू केलं. आवाज पहिल्या दोन ओळी कापरा लागला, मग स्थिरावला. रामजतनने नंतर सांगितलं की आमच्या दोघांच्या माना बरोबरीने खाली-वर होत होत्या आणि त्याला कड सोडून तेच बघावंसं वाटत होतं. ती जागा आली. मी घसरलो, अर्थातच. मुळापासून सुरू करायला श्वास घेतला तेवढ्यात गिअरवरच्या माझ्या हातावर आप्पांचा हात पडला.

“मागे जाऊ नकोस. पुढे म्हण.”

“आणि चूक?”

“चूक माझ्याकडे राहू दे. घरी ये, मग बघू.”

एका स्वरासाठी विद्यार्थ्यांना दुपारपर्यंत मुळापासून फिरवणारा माणूस हे म्हणाला. मी पुढे म्हटलं. शेवटच्या ओळीला रामजतन ओरडला की पुलिया आली. मुंशी झेंडा घेऊन उभा होता. मी दांडा ओढला. आप्पा खाली उतरून डाला वर जाताना बघत राहिले, दगड पडले, डाला परत येऊन बसला, तोवर ते हलले नाहीत. छान उचलतो, एवढंच म्हणाले. मला रडू आलं. काचेवरची तंबाखू डोळ्यात गेली, असं मी रामजतनला सांगितलं.

संध्याकाळी घरी पाय धुऊन मी त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांनी ती जागा माझ्याकडून घोटून घेतली. त्यानंतर ते रोजचंच झालं. मी कामावरून आलो की आप्पा विचारायचे, आज किती आणल्यास? मी दिवसभराच्या चुका सांगायचो, त्यातल्या काही खऱ्या, काही नुसत्या त्यांच्याजवळ बसायला मिळावं म्हणून केलेल्या. त्यांना त्याही ओळखू येत असाव्यात. मी ड्रायव्हरच राहिलो. पुढच्या वसंतपूजेला त्यांनी मला ओळीच्या टोकाला बसवलं. काहींनी नाकं मुरडली, आप्पांनी मुरडू दिली.

आप्पांचा शेवटचा हिवाळाही कोहऱ्याचाच होता. तेव्हा ते नव्वदीकडे आले होते आणि पुष्कळ काही विसरले होते. मला कधी दिनू म्हणत, कधी आपल्या गेलेल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत. खिडकीशी त्यांची खाट. एका सकाळी बाहेर एकही पायरी दिसत नव्हती, आणि ज्यांनी जन्मात कधी अनध्याय मोडला नाही ते आप्पा सूक्त म्हणू लागले. तेच सूक्त. सारख्या सुरुवातीच्या त्या दोन ओळींपाशी आले आणि घसरले. त्यांची तर्जनी वर गेली, स्वतःसाठीच. मुळापासून. पुन्हा तिथेच. पुन्हा मुळापासून. दहा वेळा, बारा वेळा. आवाज बारीक होत गेला, कपाळावर घाम आला, आणि ते घाबरून माझ्याकडे पाहू लागले. मी आप्पांना घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. मी त्यांची ती तर्जनी माझ्या मुठीत धरली.

“आप्पा, मागे जाऊ नका. पुढे म्हणा.”

“आणि चूक?”

“चूक माझ्याकडे राहू द्या.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग ते पुढे म्हणाले, थेट शेवटच्या ओळीपर्यंत, आणि उशीवर डोकं टेकून शांत झोपले. चार दिवसांनी, चांगलं ऊन पडलेलं असताना, ते गेले.

काल खिडकीशी उभा राहून मी सूक्त म्हटलं. आता ते मला नीट येतं, त्या जागेसकट. तरी तिथे आलो की मी जरासा थांबतो आणि मग पुढे म्हणतो. त्या सकाळी आप्पांकडून घेतलेली ती चूक मी कुणाला दिली नाही, द्यायची तरी कुणाला? घरी ये, मग बघू, असं ते म्हणाले होते. जाईन तेव्हा घेऊन जाईन.